परक्या पाण्याचे पाच गोळे

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात स्नानाविषयी एक छोटासा नियम आहे. दुसऱ्याने खणलेल्या पाण्यात आंघोळ करायची असेल, तर आधी तळातून मातीचे पाच गोळे काढून काठावर टाकावेत आणि मगच उतरावे. मनुस्मृती याच विषयावर अधिक कडक बोलते: परक्याच्या तळ्यात जो नहातो, त्याच्या वाट्याला तळे खणणाऱ्याच्या दुष्कृताचा अंश येतो. पुण्याचा अंश येतो असे म्हटले असते तर समजायला सोपे गेले असते. दुष्कृताचा का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पाच गोळ्यांचा व्यवहारी अर्थ मात्र उघड आहे. तळे गाळाने भरत जाते. उतरणाऱ्या प्रत्येकाने पाच मुठी गाळ उपसला तर तळे वापरानेच स्वच्छ होत राहते. नहाणाऱ्याने पाण्याकडून काही घेण्याआधी पाण्याचे देणे फेडावे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सार्वजनिक पोहण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी शॉवरखाली उभे राहून अंग घासून धुणे, लघवीला जाऊन येणे, केसांतले तेल काढणे, पोट बिघडले असेल तर त्या दिवशी घरीच थांबणे, या साध्या सवयी म्हणजे त्या पाच गोळ्यांचे आजचे रूप आहे. आरोग्य खात्याची सूचना म्हणून त्यांच्याकडे पाहिले की आपण त्या सहज टाळतो. त्यामागे धर्माचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

अडचण आपल्या स्नानाच्या कल्पनेतच आहे. आपल्याकडे स्नान म्हणजे पाण्याने मला शुद्ध करणे. मळ माझा, पाप माझे, आणि ते धुऊन नेण्याचे काम पाण्याचे. त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त असो की पंढरपूरची चंद्रभागा, माणूस पाण्याकडे मागणारा म्हणून जातो. पोहण्याच्या तलावावर ‘आत जाण्यापूर्वी आंघोळ करा’ अशी पाटी दिसली की म्हणूनच मन गोंधळते. आंघोळीसाठीच तर आलो, मग आंघोळीआधी आंघोळ कशाला? पण धर्मशास्त्राला हा गोंधळ नव्हता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात स्नानाचे जे प्रकार मांडले आहेत, त्यांत नित्य, नैमित्तिक, काम्य यांच्या जोडीला ‘मलापकर्षण’ हा स्वतंत्र प्रकार आहे. अंगाचा मळ काढण्याची आंघोळ वेगळी आणि पुण्याची आंघोळ वेगळी. नदीकाठी काय करू नये याच्या जुन्या याद्यांतही पाण्यात थुंकणे, मलमूत्र विसर्जन करणे, मळके कपडे धुणे, अंग चोळून मळ काढणे यांचा निषेध आहे. म्हणजे मळ काढून यावे आणि मग तीर्थात उतरावे, अशी अपेक्षा होती. आपण दोन आंघोळींची एक केली आणि पहिलीचे काम दुसरीवर ढकलले.

इतर परंपरांनी हा क्रम अधिक नेटाने सांभाळला. यहुदी धर्मात ‘मिकवे’ नावाच्या कुंडात बुडी घेण्याचा विधी आहे. त्या बुडीआधी साधी आंघोळ, केस विंचरणे, नखांतला मळ काढणे सक्तीचे असते. अंग आणि पाणी यांच्यामध्ये कशाचाही पडदा राहिला तर बुडी ग्राह्य धरत नाहीत. इस्लामी परंपरेत, साचलेल्या पाण्यात लघवी करून त्यातच आंघोळ करू नये असा स्पष्ट निषेध आहे. ज्याला धार्मिक स्नान आवश्यक झाले आहे त्याने अशा साचलेल्या पाण्यात उतरूच नये, ओंजळीने पाणी बाहेर घेऊन आंघोळ करावी, असेही सांगितले आहे. जपानमधल्या सार्वजनिक स्नानगृहांत लोक ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने नखशिखांत अंग धुतात आणि मग गरम कुंडात उतरतात. साबणाचा एक थेंबही कुंडात जाऊ देत नाहीत. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाजवळच्या इमारतीत आठ छोट्या न्हाण्या दोन ओळींत सापडल्या. त्या कोणासाठी होत्या, यावर अभ्यासकांनी तर्क केले आहेत. मला त्यातली मांडणी बोलकी वाटते: मोठे सामाईक कुंड, आणि त्याच्या शेजारी एकेकट्याने अंग धुण्याची सोय. माणसांनी एकत्र पाण्यात उतरायचे ठरवले की, आधी वेगळे धुणे ओघानेच येते.

आता याज्ञवल्क्यांच्या नियमातला अपवाद. पाच गोळे काढण्याची अट परक्या पाण्याला आहे. नदी, देवखात, डोह आणि झरे यांत सरळ उतरावे, असे स्मृती सांगते. देवखात म्हणजे माणसाने न खणलेले, देवाने खणलेले तळे. या शब्दाला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारइतके चपखल उदाहरण सापडणे कठीण. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा खरोखर आकाशातून खणला गेला आहे. त्याच्या काठावर गोमुखातून पडणारी धार बारमाही आहे. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू तिच्याखाली नहात आले. स्मृतीच्या भाषेत धार हा झरा आणि सरोवर हे देवखात, म्हणजे दोन्ही ठिकाणी सूट. पण सूट का दिली होती, याचा विचार केला तर लोणारला ती लागू पडत नाही. नदीला सूट आहे कारण नदी वाहते; झऱ्याला आहे कारण मागून नवे पाणी येते. लोणारच्या सरोवराला बाहेर जाण्याची वाटच नाही. धारेचे पाणी, पावसाचे पाणी, गावाचे सांडपाणी, जे काही विवराच्या कडेवरून खाली उतरते ते तिथेच राहते. पाणी तेवढे वाफ होऊन उडते, बाकी सगळे मागे उरते. त्यामुळेच ते खारट आहे, आणि अल्कधर्मी इतके की सामू दहाच्या घरात जातो. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. देवाने खणले असले तरी ते बंद पाणी आहे, आणि बंद पाण्याचा हिशेब वेगळा असतो.

पोहण्याचा तलावही बंद पाणीच. बुलढाणा जिल्ह्यातली मुले परंपरेने पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून. नाहीतर नदीच्या डोहात आणि धरणाच्या कडेला. विहिरीला खालून झरा असतो आणि वर मोटर असते. पाणी उपसून शेताला जाते, नवे पाझरते. तिथल्या सवयी वाहत्या पाण्याच्या सवयी आहेत: शेतातून घामेजून यावे, अंगावरच्या कपड्यानिशी उडी टाकावी, दिवसभराचा शीण पाण्यात सोडावा. यात काही चूक होते असे मी म्हणत नाही; पिण्याच्या विहिरीत कोणी असे करत नसे. पण त्याच सवयी टाइल बसवलेल्या तलावात आल्या की चित्र बदलते. तिथे तेच पाणी पंपाने ओढले जाते, वाळूच्या फिल्टरमधून गाळले जाते, त्यात क्लोरिन मिसळला जातो आणि ते पुन्हा त्याच तलावात येते. आज सकाळच्या बॅचने जे पाण्यात सोडले, ते विरघळलेले असेल तर संध्याकाळच्या बॅचच्या अंगावरही असते. फिल्टर केस आणि धूळ पकडतो. घाम आणि लघवी त्याला पकडता येत नाही.

‘क्लोरिन टाकतात ना, तिकिटाचे पैसे त्याचेच तर घेतात,’ हा पहिला आक्षेप इथे येतो, आणि तो जास्तीत जास्त लोकांच्या मनात असतो. क्लोरिन जंतू मारतो हे खरे. योग्य प्रमाणात असेल तर पुष्कळसे जिवाणू मिनिटाच्या आत मरतात. पण क्लोरिनला जंतू आणि घाम यांत भेद करता येत नाही. घामात आणि लघवीत युरिया असतो. क्लोरिन त्याच्याशी संयोग पावतो आणि त्याचे क्लोरामाइन बनते. जंतूंसाठी ठेवलेला क्लोरिन तिथे खर्ची पडतो. ज्या उग्र वासाला आपण ‘क्लोरिनचा वास’ म्हणतो आणि ‘चला, पाणी शुद्ध आहे’ असे समाधान मानतो, तो बहुधा या क्लोरामाइनचाच वास असतो. डोळे लाल होतात, खोकला येतो, बंदिस्त तलावावर दिवसभर उभ्या असलेल्या जीवरक्षकाची छाती जड होते, तेही त्यानेच. म्हणजे उग्र वास हा पाण्यात माणसांनी बरेच काही सोडल्याचा पुरावा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी तर क्लोरिनचे प्रमाण योग्य असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ जिवंत राहतो. जुलाब झालेल्या एका मुलाच्या अंगावरून तो पाण्यात येतो आणि पोहताना पाण्याचा घोट गिळणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या पोटात जातो. जुलाब असताना तलावात उतरू नये, हा नियम सगळ्यांत वरचा आहे तो यासाठी. 2017 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी तलावांच्या पाण्यात कृत्रिम साखरेचा अंश मोजला. ही साखर शरीरात न पचता लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते, म्हणून ती लघवीची खूण ठरते. सुमारे 8 लाख 30 हजार लिटरच्या एका तलावात 75 लिटर लघवी असावी, असा अंदाज त्यांनी काढला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्याप्रमाणे, उतरण्याआधी एक मिनिट शॉवरखाली अंग धुतले तरी अंगावरचे बरेचसे निघून जाते. एक मिनिट, एवढेच. आपल्याकडच्या दृष्टीने त्यात केसांना थापलेले खोबरेल तेल, पावडर, कपाळाचे गंध आणि तोंडातला खर्राही आला. पायाच्या बोटांत चिखल्या किंवा अंगावर गजकर्ण असेल, तर ते बरे होईपर्यंत थांबणे आले. दिवसभर अंगावर असलेली चड्डी न घालता पोहण्याचे धुतलेले कपडे घालणेही त्यातच आले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एवढ्या मोठ्या तलावात माझ्या एकट्याच्या अंगाचा मळ तो किती? माणसाच्या अंगावर, गुदद्वाराभोवती, सरासरी 0.14 ग्रॅम इतकी विष्ठा असते, असा एक अंदाज आहे. लाखो लिटर पाण्यात ती काहीच नाही. तर्काच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड दिसतो, कारण कोणत्याही एका माणसाच्या वाट्याला ‘तुझ्यामुळे पाणी खराब झाले’ असे दाखवून देता येत नाही. पण श्रावणातल्या सोमवारी घरोघर वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आठवावी. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून गावातले सगळे दूध आणवले. घागरी ओतल्या, पण गाभारा भरेना. मग एक म्हातारी मुलेबाळे, गाई-वासरे, सगळ्यांची पोटे भरून उरलेले खुलभर दूध घेऊन आली, ते वाहिले आणि गाभारा भरला. कहाणीचा रोख सहसा भक्तिभावाकडे लावतात. मला त्यात एक हिशेबही दिसतो. राजाच्या हुकुमाने आलेल्या दुधात वासरांच्या आणि लेकरांच्या तोंडचे दूध होते. प्रत्येकाने आपल्यावर अवलंबून असलेल्याचा वाटा मोडून आणला होता. म्हातारीने आधी त्यांचा वाटा दिला आणि मग आपला आणला. तिच्या खुलभराचे मोल त्याच्या आकारात नव्हते. ते कोणाचा वाटा न मोडता आले होते, यात होते. सामाईक पाण्यात मी किती मळ सोडतो हा प्रश्न याच जातीचा आहे. माझा वाटा लहान आहे म्हणून तो मोजायचा नाही, असे म्हणण्याचा अधिकार मला असेल तर तो तिथल्या दोनशे जणांनाही आहे, आणि मग आपण सगळे मिळून ज्या पाण्यात उतरतो ते कोणाचेच राहत नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या दोन टोकांकडून येतो, आणि दोन्ही टोके एकाच ठिकाणी पोचतात हे नवल आहे. एक म्हणतो, पाणी मुळातच पवित्र आहे, त्याला मळ लागत नाही. दुसरा म्हणतो, संतांनी बाह्य आंघोळीला कधीच किंमत दिली नाही. मन मैले असेल तर तीर्थात हजार बुड्या मारून काय उपयोग? पहिल्याला उत्तर सोपे आहे. पावित्र्य आणि निर्मळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीर्थाचे पावित्र्य मळाने उणावत नाही असे मानायला माझी हरकत नाही. पण ते पाणी पिऊन आजारी पडणाऱ्या लेकराचे आतडे पावित्र्य ओळखत नाही. उलट जे पवित्र आहे त्यात थुंकण्याचे धारिष्ट्य तरी श्रद्धावानाने कसे करावे? दुसऱ्याला उत्तर देताना शेगावची आठवण टाळता येत नाही. 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज शेगावात प्रकटले, तेव्हा ते बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची उष्टी शिते वेचून खात होते, अशी कथा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात दासगणूंनी दिली आहे. भक्त दामोदरपंत त्यांच्यासाठी चांगले पाणी आणायला गेले, तोवर महाराज गुरांसाठी ठेवलेले पाणी पिऊन मोकळे झाले. ब्रह्म सगळ्यात भरले आहे, तिथे गढूळ आणि निर्मळ हा भेद कसला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही भाविकापुढे हा प्रसंग स्वच्छतेविरुद्धचा सर्वांत मोठा दाखला म्हणून ठेवता येईल. पण प्रसंग नीट पाहा. सिद्ध पुरुषाने गुरांचे पाणी स्वतः प्यायले. ते दुसऱ्या कोणाला पाजले नाही. दामोदरपंतांनी चांगले पाणी आणायला धावणे ही भक्ताची बाजू आहे, आणि भक्ताने तीच सांभाळायची असते. शेगावच्या संस्थानाने नेमके हेच केले. तिथली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त आज महाराष्ट्रभर वाखाणली जाते. महाराजांनी गुरांचे पाणी प्यायले म्हणून तिथे वारकऱ्यांना गुरांचे पाणी दिले जात नाही. गढूळ पाणी मला चालेल, हे वैराग्य झाले. मी गढूळ केलेले पाणी तुम्ही चालवून घ्या, हा दांडगावा आहे. संतांनी जी बाह्य आंघोळ नाकारली ती स्वतःच्या पुण्यासाठी केलेली आंघोळ होती. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि मगच रात्री कीर्तनाला उभे राहिले, तिथे दुसऱ्यासाठी केलेली स्वच्छता हीन मानणारा भक्तिमार्ग शोधून सापडणार नाही.

यापुढचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. सार्वजनिक पाण्यात उतरण्याआधी शुद्ध व्हा, ही आज्ञा या देशात नवी नाही. ती शतकानुशतके दिली गेली आणि तिच्या बळावर माणसांना पाण्यापासून दूर ठेवले गेले. स्वच्छतेचा नवा नियम हे सोवळ्याचेच सुधारलेले रूप नाही कशावरून? 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ते तळे नगरपालिकेच्या ठरावाने आधीच सर्वांना खुले झालेले होते. त्यानंतर स्पृश्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली: 108 घागरींतून दूध, दही, शेण आणि गोमूत्र मंत्र म्हणत तळ्यात ओतले. पुढे खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला. ज्यांना हे आठवते त्यांनी ‘आधी स्वच्छ व्हा’ या पाटीकडे संशयाने पाहिले, तर तो संशय रास्त आहे. पण महाडच्या त्याच घटनेत दोन्ही कल्पनांमधला भेद इतका स्पष्ट दिसतो की दुसरे उदाहरण शोधण्याची गरज पडू नये. माणसाने पाण्याला हात लावला आणि पाणी ‘बाटले’. शेण ओतले आणि पाणी ‘शुद्ध’ झाले. सोवळ्याला पाण्यात काय मिसळले याच्याशी कर्तव्य नव्हते. ते फक्त कोण आले हे पाहत होते. स्वच्छतेचा नियम कोण आले हे पाहतच नाही, पाण्यात काय गेले एवढेच पाहतो. सोवळ्याचा दोष जन्माने येतो आणि धुऊन जात नाही. अंगाचा मळ सगळ्यांना असतो, आणि एका मिनिटाच्या पाण्याने जातो. जो नियम पाळून झाल्यावर कोणीही आत येऊ शकते, तो नियम सोवळे नव्हे. जो पाळूनही काहींना दार बंदच राहते, ते सोवळे.

हा भेद बाईच्या बाबतीत तर अधिक लख्ख दिसतो. मासिक पाळीतल्या बाईला विटाळ म्हणून बाजूला बसवणारे घर, जुलाब होत असलेल्या पुरुषाला देवघरापासून लांब ठेवत नव्हते. अंगावर पाणी घेतले की तो शुद्ध. पोहण्याच्या तलावाच्या दृष्टीने पाहिले तर नेमके उलट आहे. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या बाईने पोहायला वैद्यकीय आडकाठी काही नाही, आणि जुलाब झालेल्याने, मग तो घरचा कर्ता का असेना, तलावात पाय घालू नये. दोन्ही नियम ‘शुद्धी’ हा एकच शब्द वापरतात, म्हणून ते एकच आहेत असे समजणे ही मोठी चूक आहे. आपल्या समाजाची अडचण अशी की सोवळ्याविरुद्ध लढताना शुद्धी हा शब्दच आपण टाकून दिला, आणि त्यासोबत परक्याच्या पाण्याबद्दलची चाडही बरीचशी गेली. शब्द परत घ्यावा असे मला वाटत नाही. चाड मात्र परत घ्यायला हवी. मी त्या पाच गोळ्यांचा आधार घेतो तो स्मृतिग्रंथांच्या अधिकारापुढे मान तुकवून नव्हे. ज्या ग्रंथांत माणसांना पाण्यापासून तोडणारे नियम आहेत, त्यांतच पाण्याशी देण्याघेण्याचा एक निकोप नियमही सापडतो, तो वेगळा काढून घ्यावा, इतकेच.

पाणीटंचाईचा आक्षेपही बुलढाण्यात उडवून लावता येणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे, गोड पाण्याच्या घागरीची किंमत काय असते ते तिथल्या बायकांना विचारावे. अशा जिल्ह्यात पोहण्याआधी अंगावर पाणी ओतायला सांगणे चैन वाटेल. पण एका मिनिटाच्या धुण्याला फार तर अर्धी-पाऊण बादली पाणी लागते. ते वाचवून लोक तसेच उतरले, तर फिल्टर लवकर तुंबतात, ते उलटे पाणी सोडून पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. क्लोरामाइन साठले की तलावातले पाणी काढून नवे भरावे लागते. हजारो लिटर तिथे जातात. टंचाईच्या जिल्ह्यात अर्धी बादली आधी खर्च करणे हीच काटकसर आहे. आणि पाणी इतके दुर्मिळ असेल की तेवढेही देता येणार नाही, तर त्या उन्हाळ्यात तलाव बंद ठेवणे प्रामाणिक ठरेल.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेला प्रश्न. दुसऱ्याच्या तळ्यात नहाणाऱ्याच्या अंगाला तळे खणणाऱ्याचे पुण्य न लागता दुष्कृत का लागावे? मी आतापर्यंत सगळी जबाबदारी नहाणाऱ्यावर टाकली. ती अर्धीच आहे. भिंतीवर नियमांची पाटी लावून शॉवरचा नळ मात्र कोरडा ठेवणाऱ्या तलावाच्या व्यवस्थापनाला ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणता येणार नाही. बायकांना आणि मुलींना धड बंद होणारे दार, कडी आणि दिवा असलेली न्हाणी नसेल, तर त्या उघड्यावर कशा अंग धुतील? संडास तलावाच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर पोहायला आलेली पाच वर्षांची पोर तिथवर कितीदा जाईल? भारतीय मानक ब्यूरोने पोहण्याच्या तलावाच्या पाण्यासाठी मानक ठरवलेले आहे. त्याप्रमाणे रोजच्या रोज क्लोरिन आणि सामू मोजून तो आकडा फळ्यावर लिहिणे, ही तलाव चालवणाऱ्याची बाजू झाली. ती त्याने पाळली नाही तर त्याच्या चुकीचा परिणाम त्याच्या घरी जात नाही. तो जातो तिकीट काढून आलेल्याच्या डोळ्यांत, कानात, आतड्यात. तळे बांधणाऱ्याचे दुष्कृत नहाणाऱ्याच्या वाट्याला येते, हे वाक्य ज्या काळात लिहिले गेले तेव्हा त्याचा रोख परलोकाकडे असेल. टाइलच्या तलावात ते अक्षरशः खरे आहे, आणि ते कळायला मरण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे पोट दुखू लागले की कळते.